पहिला मान पाहुण्याचा

वहिनींच्या मते वाइन चाखायला येणाऱ्या माणसांचे प्रकार साडेतीन. पहिले पंडित. ते ग्लास उजेडाकडे धरतात, तिरपा करतात, गरगर फिरवतात आणि आपल्याकडे कोणी बघतंय का ते हळूच बघून घेतात. दुसरे फोटोवाले. त्यांना वाइन लाल असली आणि मागे खिडकी आली की पुरे. तिसरे तहानलेले, हे सगळ्यांत प्रामाणिक. उरलेला अर्धा म्हणजे जोडप्यातलं ते माणूस, ज्याला परतताना गाडी चालवायची असते. ते ग्लासाला नुसतं नाक लावतं आणि जोडीदाराच्या घोटाकडे अशा काही नजरेने बघतं की वहिनी त्याच्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवतात.

खोली तशी लहानच. पूर्वी तिथे फावडी आणि फवारणीचे पंप असायचे. आता एक लांब फळी, सहा उंच स्टुलं, खिडकीशी एक बाक, कोपऱ्यात धुवायचं बेसिन. खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणापलीकडे रस आंबवायची शेड, आणि शेडच्या दाराशी एक नळ. फळीच्या मागे वहिनी उभ्या असत. वय छप्पन्न, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं असं की पंडितसुद्धा दुसऱ्या ग्लासाला सरळ व्हायचे.

"यात मला ओल्या गवताचा भास होतोय," एखादा पंडित म्हणायचा.

"होऊ दे हो," वहिनी म्हणायच्या. "बाहेर आमचा माणूस गवतच कापतोय."

वाइनरी दोन भावांची. थोरल्यांचं नाक आणि धाकट्यांची जीभ, एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली. थोरले वाइन करायचे, धाकटे ती विकायचे. थोरले म्हणजे वहिनींचे यजमान. ते चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेले. धाकटे म्हणजे भाऊजी. गावाला, गिऱ्हाइकांना, टपालवाल्यालाही भाऊजी-वहिनींची नावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. भाऊजी सगळ्यांचेच भाऊजी आणि वहिनी सगळ्यांच्याच वहिनी.

या खोलीत एक रिवाज होता. नवी बाटली उघडली की पहिला थेंब पाहुण्याला. आधी पाहुण्याने वास घ्यायचा, मान डोलवायची, मग वहिनी बाकीच्यांना ओतणार. लोकांना ते फार आवडायचं. दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत निम्म्या लोकांनी तेच लिहिलं होतं: 'इथे पहिला मान पाहुण्याला मिळतो.' भाऊजींनी ते वाक्य उचललं आणि कार्डावर छापून घेतलं. एक हजार कार्डं. 'आमच्या घराची जुनी रीत,' असंही खाली घातलं.

रीत दोन वर्षांची होती. आणि कारण एवढंच, की वहिनींना वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. नाक होतं जागेवर, चष्मा टेकवायला उपयोगी पडत होतं. पण दूध उतू गेलं तरी कळेना, साबण आणि चहा एकच. जिभेला आंबट, गोड, तुरट एवढं समजायचं. त्यापुढे बंद दार. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित नाहीही येणार. असलं उत्तर द्यायला फी कशाला घेतात, असं वहिनींना वाटलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. कोणालाच बोलल्या नाहीत.

बोलणार तरी कसं? बुचाला कधी कधी एक खोट लागते. चाळीस बाटल्यांत एखादी अशी निघते की आतल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा वास मारतो. पोटाला अपाय नाही, पण नावाला आहे. म्हणून उघडणाऱ्याने आधी हुंगायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. भाऊजींना कळलं असतं तर ते रागावले नसते. त्यांनी प्रेमाने म्हटलं असतं, "वहिनी, आता आराम करा." वहिनींना आयुष्यात कशाची भीती वाटत असेल तर या आरामाची. घरात दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक रिकामी. इथे निदान दिवसातून वीस माणसं वीस प्रश्न विचारायची, त्यातले दहा तरी 'बाथरूम कुठे' एवढेच असले तरी.

तेव्हा त्यांनी पाहुण्यांची नाकं वापरायला काढली. वास पाहुणा घ्यायचा, वहिनी पाहुण्याचं तोंड वाचायच्या. ड्रॉवरमध्ये एक वही होती, तिच्यात नोंदी असायच्या. 'भुवया वर, ओठ सैल: उत्तम.' 'जीभ गालात: आंबट वाटली, पण बोलणार नाही.' 'नाकपुडी मध्येच थांबली, मग बायकोकडे बघितलं: बाटली बाजूला.' दोन वर्षांत अशा आठ बाटल्या त्यांनी बाजूला काढल्या आणि आठही खरोखर बिघडलेल्या निघाल्या.

"वहिनींच्या नाकाखालून काही सुटायचं नाही," भाऊजी अभिमानाने सांगायचे. वहिनी ग्लास पुसत राहायच्या.

चुकायचं काही नाही, पण चुकचुकायचं. विशेषतः हंगामात. शेडमध्ये रस आंबायला लागला की सगळं आवार त्या वासाने भरून जायचं. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा वहिनी पहिला महिना तोंडाला रुमाल बांधून हिंडल्या होत्या. थोरले संध्याकाळी शेडमधून यायचे ते कोपरापर्यंत जांभळे, आणि अंगाला तो आंबूस, गोड, लाकडी दर्प. वहिनी दारातच अडवायच्या.

"आधी नळ, मग घर."

"अगं, लोक लांबून गाड्या काढून येतात या वासासाठी."

"मग त्यांच्या घरी जा. आधी नळ."

तीस हंगाम हेच. थोरले गारठलेल्या पाण्याखाली उभे राहून भावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने करवादायचे आणि घरात येऊनही थोडे वासाचेच असायचे.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामात वहिनींचं नाक अजून शाबूत होतं. शेडचं दार उघडलं, वास आला, आणि त्या पाठ न वळवता म्हणून गेल्या, "आधी नळ." मागे कोणी नव्हतं. पण वास होता. त्या हंगामात रोज काही ना काही काम काढून त्या शेडमध्ये जायच्या. त्याच वेळी आत, कोपऱ्यातल्या पिंपांत, थोरल्यांनी केलेली शेवटची लाल मुरत होती; वरच्या तुकड्यातल्या द्राक्षांची. एकदा चाखावी असं मनात आलं होतं. मग वाटलं, मुरतेय ती मुरू दे, बाटलीत भरली की निवांत घेऊ. बाटलीत भरेपर्यंत ताप येऊन गेला होता.

आता त्यानंतरचा तिसरा हंगाम. शेडचं दार सताड उघडं आणि वहिनी रोज त्यावरून काचेपलीकडून जावं तशा जात.

त्या शनिवारी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दहालाच हजर झाले.

"बारा वाजता त्या बाई येतायत, मोठ्या हॉटेलच्या खरेदीच्या. दोन वर्षं मागे लागलोय त्यांच्या. दादाची लाल दाखवायची."

"दाखवू की."

"बाटली आतापासूनच उघडून ठेवा, तासभर हवा लागू दे. आणि वास तुम्ही स्वतः बघा हं, नीट. त्यांच्यापुढे तो पहिल्या मानाचा कार्यक्रम नको. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसालाच पेपर सोडवायला लावल्यासारखं दिसतं ते."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि घड्याळाकडे बघितलं. एक नाक हवं होतं, बाराच्या आत.

नाक अकराला आलं. साठीच्या पुढचा, किडकिडीत माणूस, बोटं मात्र जाडजूड, नखांच्या कडांना वाळलेली खळ, कोटाच्या वरच्या खिशात पेन्सिल. दारातच थबकला.

"हे कूपन मुलीने दिलंय. म्हणाली, बाबा, जरा घराबाहेर पडा. मला यातलं काही कळत नाही हं. मी बाइंडर आहे, पुस्तकं बांधतो."

"उत्तम," वहिनी म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. त्यांचा अनुभव होता, ज्याला कळतं त्याचं तोंड सभ्य खोटं बोलतं; ज्याला कळत नाही त्याचं तोंड आरसा. "बसा. सुरुवात पांढरीपासून करतात, पण तुम्हाला आज एकदम वरच्या वर्गात घालते."

त्यांनी थोरल्यांच्या लाल वाइनची बाटली उघडली आणि बोटभर ओतली. "आमच्याकडे पहिला मान पाहुण्याला. आधी नुसता वास घ्या. घाई नाही."

बाइंडरने ग्लास दोन्ही हातांत धरला, औषध घ्यावं तसा. नाक आत घातलं. आणि तिथेच राहिला.

वहिनी वाचत होत्या. आधी भुवया चढल्या. मग कपाळ सैल पडलं, डोळे मिटले, तोंडाचा कोपरा हलला. एकदा मान वर करून त्याने खोलीभर बघितलं, जणू कोणी हाक मारली, आणि परत नाक ग्लासात. डोळ्यांच्या कडा ओल्या. दोन वर्षांच्या वहीत असं तोंड नव्हतं.

"कशी आहे?"

"फार छान आहे हो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी… हा ग्लास घेऊन जरा खिडकीशी बसलो तर चालेल?"

"चालेल की. आमची सगळ्यांत चांगली आहे ती."

त्या पाठमोऱ्या झाल्या आणि बेसिनचा नळ उगीच सोडला. थोरल्यांच्या वाइनने एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. त्यांना अभिमान वाटला, आणि त्याच्या पाठोपाठ हेवा, चांगला कडक. ज्याला पांढरी-लाल कळत नाही त्या माणसाला ती भेटली. तीस वर्षं ज्यांनी नळाखाली पाठवलं, त्यांना नाही.

बाराला खरेदीबाई आल्या. सपाट चपला, अत्तर नाही, बोलणं मोजकं. भाऊजींनी जीभ सोडली: जमीन, उतार, ऊन, दादा, दादाचा हट्ट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ग्लास पुढे सरकवला. वहिनींनी निर्धास्त हाताने ओतली. एवढ्या खात्रीने त्यांनी दोन वर्षांत कोणालाच ओतली नव्हती.

बाईंनी वास घेतला. एकदाच. मग ग्लास खाली ठेवला आणि दोन बोटांनी तो हळूच लांब सरकवला.

वहिनींनी ते तोंड वाचलं.

"तुमच्यापैकी कोणी वास घेतलाय का हिचा?" बाई म्हणाल्या.

भाऊजींनी ग्लास उचलला. हुंगला. त्यांचे कान लाल झाले. "पुठ्ठा," ते पुटपुटले. "वहिनी, ही… तुम्ही बघितली होती ना?"

वहिनी खिडकीकडे बघत होत्या. बाकावर बाइंडर उठून उभा राहिला होता. त्याच्या ग्लासातली वाइन होती तेवढीच होती.

"ती बिघडलीय?" त्याने विचारलं. "मला वाटलं, असाच असतो वास."

"तुम्ही प्यायलात का ती?" वहिनी म्हणाल्या.

"नाही हो. नुसता वास घेत बसलो होतो." त्याने ग्लास छातीशी धरला, कोणी काढून घेईल म्हणून. "माझ्या वडिलांचं दुकान तळघरात होतं. भिंतींना कायम ओल. दाबाखाली पुठ्ठे, खळीची पातेली, जुने कागद. बावीस वर्षं झाली बंद होऊन. आता तिथे मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. मी वर्षातून एकदा त्याच्याकडे काहीतरी निमित्त काढून जातो. चांगल्या फोनचं कव्हर बदलून घेतो. आत जाऊन श्वास घेतो, तर काही नाही, नुसतं प्लॅस्टिक. आणि आज इथे, या एवढ्याशा ग्लासात…" त्याने मोकळा हात पसरला. "अख्खं दुकान. वडीलसुद्धा आत."

खरेदीबाईंनी हसू दाबलं.

"आमच्या धंद्यात याला खोट म्हणतात," त्या म्हणाल्या. "एखादी निघते, त्याचं काही नाही. दुसरी उघडा. आणि या वेळी," त्यांनी वहिनींकडे बोट केलं, "तुम्ही घ्या वास. माझ्यासमोर."

वहिनींनी दुसरी बाटली काढली. बूच निघालं. ग्लासात बोटभर ओतून त्यांनी तो नाकाशी नेला. हिशेब त्यांना येत होता: चाळिसात एक. डोळे मिटून 'ठीक आहे' म्हणावं, एकोणचाळीस वेळा खरंच ठरणार. भाऊजी बघत होते, बाई बघत होत्या. होकार देणं शहाणपणाचं होतं.

पण ग्लासात थोरल्यांची वाइन होती. तिकडे एका माणसाच्या ग्लासात अख्खं दुकान निघालं होतं, आणि इकडे त्यांच्या ग्लासात पाणी असतं तरी तेवढंच. ज्या माणसाचा वास आपल्याला येत नाही, त्याच्याबद्दल 'छान येतोय' म्हणायचं?

"मला वास येत नाही," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

भाऊजी आधी हसले. वहिनींची थट्टा समजून हसले. मग थांबले. "आणि त्या आठ बाटल्या?"

"लोकांची तोंडं बघून."

"आणि तो रिवाज? पहिला मान?" त्यांचा आवाज चढला. "वहिनी, मी तो छापलाय! जुनी रीत म्हणून छापलाय!"

"मला विचारून छापला असतात तर…"

"तर सांगितलं असतंत?"

"नसतं," वहिनींनी कबूल केलं.

एव्हाना खरेदीबाईंनी वहिनींच्या हातातला ग्लास काढून घेतला होता. वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला, चेहरा दगडासारखा.

"आवडली," वहिनी म्हणाल्या.

"मी अजून काहीच बोलले नाहीये."

"डावी भुवई बोलली. आवडली आहे, पण भाऊजींना ते कळू द्यायचं नाही, कारण भाव पाडायचाय."

बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग खो खो हसल्या. "आमच्याकडे याल का कामाला? समोर बसून नुसतं विक्रेत्यांची तोंडं वाचायची."

"नको. तिथून शेड दिसणार नाही."

बाईंनी दोन पेट्या घेतल्या. "खपल्या तर पुढचं बघू," म्हणाल्या आणि भाऊजींना भाव खरोखरच पाडून दाखवला.

गाडी गेल्यावर भाऊजी बेसिनपाशी येऊन उभे राहिले. एकच ग्लास त्यांनी तीनदा पुसला.

"मला सांगायचं ना, वहिनी."

"तुम्ही 'आराम करा' म्हणाला असतात."

"म्हणालो असतो."

"म्हणून."

त्यांनी तोच ग्लास चौथ्यांदा पुसायला घेतला. "म्हणजे दादाची लाल… तुम्ही एकदाही…"

"आंबट आहे, तुरट आहे. एवढं कळतं."

भाऊजींनी ग्लास उजेडाकडे धरला, अगदी पंडितासारखा, आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक बाटली उघडली की मला हाक मारायची. हुंगेन मी. ओतायचं तुम्हीच."

"आणि कार्ड?"

"साडेसहाशे उरलीयत अजून. ती संपेपर्यंत रीत चालवा." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "मग परत छापू."

बाइंडर अजून बाकाशी घुटमळत होता. "ती बिघडलेली बाटली," तो म्हणाला, "तुम्ही काय करता तिचं?"

"ओतून देतो."

"मग मला द्या."

"तसली आम्ही विकत नाही. नावाचा प्रश्न आहे."

"लेबल काढून द्या. मी काढतो हवं तर, माझा रोजचा धंदा आहे."

खरंच, त्याने ओल्या बोटांनी लेबल असं अलगद सोलून घेतलं की वहिनी बघत राहिल्या. त्यांनी बुचाने बाटली घट्ट बंद करून त्याच्या हातात ठेवली. तो पाकीट काढायला लागला.

"ते राहू दे," वहिनी म्हणाल्या. "दोन मिनिटं तुमचं नाक द्या. चला."

त्या त्याला अंगणातून शेडपाशी घेऊन गेल्या. आत टाक्यांतला रस उकळल्यासारखा बुडबुडत होता. दारात त्यांनी त्याला उभं केलं.

"डोळे मिटा आणि सांगा."

"गोड," तो म्हणाला. "आंबूस. पावाचं पीठ फुगतं ना, तसं काहीतरी."

"ते सगळ्यांनाच येतं. त्याच्या खाली काय आहे?"

"लाकूड. ओलं लाकूड. आणि सालींचा चोथा."

"त्याच्या खाली?"

त्याने वेळ घेतला. वहिनींनी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही.

"लोखंड. आणि गार काहीतरी. इथे जवळ पाणी आहे का?"

"नळ आहे. या." त्या त्याला दाराच्या बाजूला घेऊन गेल्या. तोटीखाली दगड होता, मध्ये झिजून खोलगट झालेला, दोन पावलं मावतील एवढा. "इथे घ्या. नीट वाका. इथे काय येतं?"

बाइंडर बाटली काखेत धरून वाकला. वास घेतला. पुन्हा घेतला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण बावीस वर्षं मोबाइलच्या दुकानात श्वास घेणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याचे ओठ काहीतरी प्रेमळ बोलायला म्हणून हलले.

"खोटं नको," वहिनी म्हणाल्या. "तोंडं वाचते मी."

त्याने ओठ मिटले. मग सरळ उभा राहिला.

"ओला दगड. बाकी काही नाही, वहिनी."

वहिनींनी मान हलवली. तोटीतून थेंब ठिबकत होता, तो त्यांनी चावी आवळून बंद केला.

"म्हणजे आंघोळ करूनच गेले," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं घसा फोडला, आधी नळ, मग घर. ऐकायचं नव्हतं तेव्हा ऐकलं."

खोलीकडून भाऊजींची हाक आली, पाहुणे आले होते, चौघं. वहिनी दोन पावलं चालल्या आणि थांबल्या.

"पुढच्या शनिवारी येता का?" त्यांनी विचारलं. "कूपन लागत नाही. सकाळी, शेड उघडते तेव्हा. सकाळी वास जास्त असायचा."